प्रकल्पवही

एका बाजूस रेघा आणि दुसऱ्या बाजूस कोरे पान अशी पुठ्ठ्याच्या बांधणीची वही माझ्या आयुष्यात निरनिराळ्या नावांनी येत राहिली आहे. अंबाजोगाईच्या शाळेत आम्ही तिला चिकटवही म्हणत असू. अध्यापक विद्यालयात ती पाठांची वही झाली. आणि आज बालाघाटाच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवीत असताना मुले तीच वही प्रकल्पवही म्हणून माझ्या मेजावर आणून ठेवतात. तिच्या रेघांच्या पानांवर मुले पुस्तकात असेल तेच बहुधा लिहितात. माझा जीव मात्र सदैव कोऱ्या पानांवर राहिला.

सातवीत असताना आमच्या गुरुजींनी ‘आपले गाव’ हा विषय देताना एक दंडक घातला होता: बाजारातील छापील चित्र एकही चिकटवायचे नाही, गावातील एक वस्तू स्वतः पाहायची, तिचे माप घ्यायचे, आणि तिची माहिती ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव पानाच्या तळाशी लिहायचे. अंबाजोगाईसारख्या क्षेत्री विषयांना तोटा नव्हता. योगेश्वरीचे मंदिर, खडक कोरून केलेला हत्तीखाना, शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची म्हणून पूजिली जाणारी दरीतील समाधी, हे सारे मित्रांनी वाटून घेतले. माझ्या वाट्यास दासोपंतांची पासोडी आली. गीतेवर लक्षावधी ओव्यांचे भाष्य रचणाऱ्या या दत्तभक्त कवीने पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड कापडावर अक्षरांनी आणि आकृत्यांनी मांडून ठेवला आहे. परंतु पूज्य वस्त्राला एका पोराची मोजपट्टी कोण लागू देणार? त्यावर गुरुजींनीच तोड काढली. त्यांनी शाळेच्या ओसरीत सुतळी धरून खडूने चाळीस फुटांची रेघ ओढावयास लावली. ओसरी संपली, रेघ संपेना. पायऱ्या उतरून ती अंगणात गेली, आणि तिच्या कडेने चालत जाताना, एकाच विचाराचा धागा न सोडता एवढ्या अंतरापर्यंत बोरू चालविणाऱ्या त्या पुरुषाच्या चिकाटीची जी जाणीव मला झाली, ती पुढे त्याच्यावरील कोणताही ग्रंथ वाचून तितक्या तीव्रतेने झाली नाही.

पानाच्या तळाशी नाव होते आजोबांचे. निजामाच्या अमदानीत हेच गाव सरकारी दप्तरी मोमिनाबाद होते, कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि सरकारी मदरशात शिक्षणही उर्दूतूनच मिळे, हे मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ आमच्या गावच्या योगेश्वरी शाळेत आले आणि १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, ते दिवस आजोबा एकेका प्रसंगासह सांगत. त्यांनी स्वतः घरखर्चाचा हिशेब अखेरपर्यंत उर्दूत लिहिला आणि हरिपाठ मराठीत म्हटला. यात विसंगती आहे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. ‘स्थानिक संस्कृती’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आला म्हणजे मला ते हिशेबाचे चोपडे आठवते.

अध्यापक विद्यालयात किलपॅट्रिक यांचा १९१८ चा प्रकल्पपद्धतीवरील निबंध अभ्यासास होता. मुलाने मनापासून हाती घेतलेले कार्य हाच शिक्षणाचा पाया, हा त्याचा गाभा मला परका वाटला नाही. पुढे शिक्षक झाल्यावर मी मुलांना बीडजवळची खजाना विहीर दाखवावयास नेली. १५८२ च्या सुमारास, मूर्तजा निजामशहाच्या काळी, सलाबतखानाने ती बांधविली. भूमिगत नहरीने तिचे पाणी केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत जाते. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, ती मुले त्या पाण्याकडे ज्या गांभीर्याने पाहत होती, ते गांभीर्य मला वर्गात कधी निर्माण करता आले नसते.

परंतु माझ्या शाळेतील अर्धी मुले वर्षातील अर्धे महिने गावात नसतातच. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, उरलेली बैलगाडीत बसून जातात, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रिकाम्या चौकटींची ओळ लागते. एका वर्षी ‘आपल्या परिसरातील सण’ असा प्रकल्प होता. पाडव्याच्या सुमारास परतलेल्या एका मुलीने वही पुढे केली, पण हातची सोडली नाही. “गुरुजी, संक्रांत आमची फडातच झाली. ते आपल्या परिसरात धरायचं का?” असे तिने विचारले. धरायचे, असे मी सांगितल्यावर तिने पान उघडले. पहाटे अंधारात तोडीला लागलेली आई, बांधलेल्या मोळ्या, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशांतून आणलेले तीळ, शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, बाईने लावलेले हळदीकुंकू, हे सारे तिने लिहिले होते. आणि कोऱ्या पानावर आपल्या कोपीची आकृती काढून तिची लांबी-रुंदी कोयत्याच्या मापाने दिली होती. तळाशी होते: माहिती देणार, आई.

दासोपंतांच्या चाळीस फुटांइतकीच ती आकृती मला मोलाची वाटते, आणि हे मी पूर्ण विचाराअंती लिहीत आहे. आता तालुक्याच्या दुकानात सणांचे, किल्ल्यांचे, संतांचे तयार तक्ते मिळतात. ते कापून चिकटविले की प्रकल्प पुरा होतो आणि गुणही मिळतात. पालकांना मी दोष देणार नाही, त्यांना वेळ नाही. परंतु ज्या वहीत मुलाने कोणाला काही विचारलेच नाही, तिला गुण देताना माझा हात अडखळतो.

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत बाके, घंटा, नकाशे, पृथ्वीगोल या सर्वांची नोंद असते. प्रकल्पवह्यांची नसते, आणि वर्षअखेर त्या रद्दीत जातात. पासोडी आज आपल्याला दिसते, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती कोणी जपली. म्हणून अलीकडे मी निवडक वह्या शाळेतील लोखंडी पेटीत ठेवू लागलो आहे, आणि शेजारच्या शाळांतील सहकाऱ्यांनाही तसे करण्याची गळ घालतो. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर गेले, कोपी कशी उभारली, कोणता सण कोठे झाला, याची मुलांच्या हस्ताक्षरातील नोंद जिल्ह्याच्या ठिकाणी एका कपाटात पाहावयास मिळावी, एवढे काम निवृत्तीपूर्वी मला पुरे करावयाचे आहे.