आडगाव नाक्यापासून नांदूर मधमेश्वरापर्यंत

नाशिकला येणारी मंडळी रामकुंडावर जातात, काळारामाचे दर्शन घेतात, वेळ उरला तर पांडवलेणी पाहतात आणि परतताना द्राक्षांची एक पेटी बरोबर नेतात. ही द्राक्षे ज्या वाटेवर पिकतात ती वाट मात्र एसटीच्या खिडकीतून दिसेल तेवढीच पाहायची. शेतकऱ्याच्या घरच्या माणसाने निदान एकदा तरी ही वाट जागोजागी उतरत, बांधावर बसत, सावकाश करावी. यंदा फेब्रुवारीत आमच्या भागातील पंधरा-वीस शेतकरी बंधू-भगिनी आणि त्यांची हायस्कुलात जाणारी मुले घेऊन मी ती केली. मुलांच्या हाती एकेक भिंग दिले होते. त्याचा उपयोग पुढे मोठ्यांनाच जास्त झाला.

मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकात दोन धडे असतात. एक वनस्पतींच्या ऊतींचा, दुसरा पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा. पोरे ते घोकतात, परीक्षेत लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. ऊती म्हणजे काही अवघड प्रकरण नव्हे. गावात जशी सुतारआळी, कुंभारआळी, तशा झाडात एकाच कामाला लागलेल्या सारख्या पेशींच्या आळ्या असतात, त्यांना ऊती म्हणायचे. द्राक्षबागेत हे दोन धडे वेगळे राहतच नाहीत. कोणी सालीखालचा रस पितो, कोणी लाकूड पोखरतो, कोणी मुळाला गाठी आणतो. कोणता जीव वेलीच्या कोणत्या आळीत बसला आहे हे कळले, की औषधाच्या दुकानात काय मागायचे आणि काय मागायचे नाही हेही बरेचसे कळते.

आडगाव नाका सोडून आग्रा रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर ओझर येते. बाणगंगेकाठचे हे गाव आता विमानांच्या कारखान्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या दृष्टीने त्याचा मान वेगळा. रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास इथे द्राक्षे लावली आणि नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून झाली, असे मानतात.

ओझरच्या एका बागेत गेल्या वर्षी कलम केलेली वेल पाहिली. खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसन जातीची काडी, आणि जोडावर मुठीसारखी गाठ. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाइतका पातळ, ओलसर असा एक थर असतो. वाढीच्या पेशी तिथे सतत विभागत असतात, बाहेरच्या बाजूला साल घडवतात आणि आतल्या बाजूला लाकूड. शास्त्रात याला विभाजी ऊती म्हणतात. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला तरच कलम जगते. कलम बांधणारा कारागीर काडी एका बाजूने तरी सालीला साल जुळवून का बसवतो, हे एका काकूंनी तिथे विचारले. याचे उत्तर त्या थरात आहे.

खुंटाची हकीगत मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा वाळू लागल्या. कारण होते अमेरिकेतून आलेली मुळांवरची माव्यासारखी बारीक कीड, फायलोक्सेरा. लाखो एकर बागा गेल्या, फवारणीचा उपयोग होईना. शेवटी ज्या अमेरिकन जंगली वेलींच्या मुळांना ही कीड फारसे काही करू शकत नव्हती, त्यांच्याच खुंटावर फ्रेंच वेलींची कलमे बांधली आणि बागा उभ्या राहिल्या. आपल्याकडे डॉगरिज आले ते या किडीसाठी नव्हे, खारवट जमीन आणि पाण्याची ओढ यांसाठी. पण तोही अमेरिकन कुळातलाच खुंट आहे.

त्याच बागेत जुन्या वेलींच्या खोडांवर बांगडीसारखे वण दिसले. ते गर्डलिंगचे. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे जाते आणि मुळांनी शोषलेले पाणी लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढते. मणी वाढीला लागले की सालीची अरुंद पट्टी गोल काढतात. पाणी चढत राहते, साखर मात्र खाली उतरू शकत नाही, ती घडातच राहते आणि मणी फुगतो. काही आठवड्यांत तो पातळ थर जखम भरून काढतो. तोवर मुळे उपाशी असतात हे लक्षात ठेवावे. अशक्त वेलीला ही बांगडी घालू नये, आणि सुरी लाकडापर्यंत खोल घालू नये.

लाकूड खाणाराही एक आहे, खोडकिडा. भुंगेऱ्याची अळी आत बोगदा करत जाते आणि खोडाच्या बुडाशी भुसा पडतो. पानांवर कितीही फवारा, ती लाकडात सुरक्षित बसलेली असते. भोक शोधून तिथेच बंदोबस्त करावा लागतो.

पिंपळगाव बसवंत जवळच्या ज्या बागेत आमचा मुख्य मुक्काम होता, तिथे मात्र वातावरण जरा तंग होते. माल वीस दिवसांत निघणार होता. बागवान नाना आमचे स्वागत करून थेट तीन-चार ओळींकडे घेऊन गेले. घडांत कापूस पिंजून ठेवल्यासारखे पांढरे पुंजके, पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, आणि खोडावर मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग.

"साहेब, औषध आणून ठेवलंय. उद्या सकाळी मारून घेतो," नाना म्हणाले. "आता तर मोठे मोठे मिलीबग दिसायला लागलेत. हे बघा केवढाले!"

आमच्यातली एक नववीतली मुलगी भिंग घेऊन पुढे झाली. थोडा वेळ पाहून म्हणाली, "आजोबा, हा तर पळतोय. आणि बारक्यांना खातोय!"

नानांनी भिंग हातात घेतले. तो मिलीबग नव्हताच. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची ती अळी होती. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली आपल्या देशात कॉफीवरील खवले किडीसाठी आणलेला. प्रौढ किडा लहानसा, काळपट, डोक्याशी आणि मागे नारिंगी. अळीच्या अंगावर मात्र मिलीबगसारखेच पांढऱ्या मेणाचे झुपके असतात, म्हणून आपला माणूस तिला शत्रू समजून मारतो. ओळखायची खूण सोपी आहे. मिलीबगची मादी तीन-चार मिलिमीटरची, जागेवर चिकटून रस ओढणारी. ही अळी तिच्या दुपटी-तिपटीने लांब, झुपके लांब आणि विस्कटलेले, आणि काडीने डिवचली की तरातरा चालू लागते. शेजारच्या बागेत मागे हे किडे सोडले होते, तिथून ते इकडे आले असावेत.

मिलीबग रसवाहिनीत सोंड खुपसून बसतो. त्या रसात साखर फार, ती जास्तीची साखर तो चिकट थेंबांनी बाहेर टाकतो आणि मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. ढालकिडा जवळ आला तर त्याला हुसकावतात. शिवाय याचे बिऱ्हाड सैल सालीखाली असते, अंगावर मेण असते, त्यामुळे वरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. उघड्यावर फिरणाऱ्या ढालकिड्यापर्यंत मात्र नक्की पोहोचते. वीस दिवसांवर आलेल्या मालात औषधाचा अंश राहील तो वेगळाच.

नानांची सूनबाई हिशेब ठेवतात. त्यांनी विचारले, "मग काय, नुसतं बघत बसायचं?" प्रश्न रास्त होता. घरचे वर्षाचे उत्पन्न त्या ओळींवर टांगलेले होते. ठरले ते असे: जास्त बिघडलेले घड कापून पिशवीत घालून बागेबाहेर न्यायचे, खोडांना आणि तारांच्या खांबांना चिकटपट्टी लावून मुंग्यांची वाट तोडायची, फवारणी थांबवायची. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सैल साल काढून खोडे धुवायची आणि तेव्हाच लेबलवर द्राक्षासाठी मान्यता असलेले औषध खोडावर द्यायचे. त्या ओळींतले काही घड गेले ते गेलेच. बाकीचा माल मात्र अंशाच्या तपासणीत पास होऊन गेला, असे नानांनी पुढे फोनवर कळवले.

औषधाच्या अंशाची धास्ती या भागात उगाच नाही. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश मर्यादेबाहेर निघाले आणि बागाईतदारांचे व निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. ते कीटकनाशक नव्हतेच. शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते देतात. खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात, शेंड्याच्या त्या कोवळ्या ऊतीत, घड व्हायचा की बाळी हे ठरते. दोन्ही एकाच कोंबापासून निघतात. पुढे गोडी छाटणीनंतर तेच डोळे फुटू लागले की उडद्या भुंगेरा ते कुरतडतो, आणि ऑक्टोबरात काही दिवसांची हयगय सबंध हंगामाला भोवते.

फुलकिडे मणी बारीक असताना वरची त्वचा खरवडतात. मणी फुगतो तसा तो ओरखडाही वाढतो आणि व्यापारी भाव पाडतो. लाल कोळी तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय, तो विंचू-कोळ्याच्या गोतातला. किड्यांवरचे औषध त्याच्यावर बहुधा चालत नाही, उलट त्याला खाणारे जीव मेल्याने तो जास्त माजतो. पिंपळगावच्या बाजारात गाड्याच्या गाड्या टोमॅटो येतो, त्या शेतांत जमीन ओली असूनही दुपारी झाड माना टाकत असेल तर उपटून मुळे पाहावीत. गाठी असतील तर सूत्रकृमी. हा डोळ्यांना न दिसणारा गोलकृमी जलवाहिनीच्या तोंडाशीच ठाण मांडतो, मग पाणी देऊन काय होणार?

दुपारी निफाडवरून नांदूर मधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाले, १९८६ साली पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जगाच्या यादीत गेले. लोक इथे पक्षी पाहायला येतात. मी मुलांना आधी काठचा चिखल पाहायला लावला. एका ओंजळीत गोगलगायी, शिंपला, गांडुळासारखे वळ्यावळ्यांचे किडे, चतुराची पाण्यात राहणारी पिल्ले, आणि दगडाखाली खेकडा निघाला. पुस्तकातले मृदुकाय, वलयांकित, संधिपाद, सगळे हजर. कणा एकालाही नाही, आणि इथले कितीतरी पक्षी त्यांच्यावरच पोसतात.

चापडगावच्या मनोऱ्यावरून मुग्धबलाक दिसला. हा करकोचा चोच मिटली तरी मधे फट राहणारा. पिलाला ही फट नसते, वाढत्या वयात ती येते. पाण्यातली गोगलगाय धरून शंखातला मऊ जीव तो अलगद ओढून काढतो. आमच्यासमोर त्याने एकामागून एक अशा पाच गोगलगायी फस्त केल्या, मुलांनी मोठ्याने मोजल्या.

नाना आमच्याबरोबर आले होते. कादवेच्या बाजूला पाहत म्हणाले, "आमच्या नाल्याचं पाणी पावसाळ्यात इकडेच येतं की." कोणी काही बोलले नाही.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सकाळी लवकर पोहोचावे, भडक कपडे टाळावेत आणि भिंग विसरू नये.