तळ झाडणारं यंत्र

पावसाळा सरला तरी पूलच्या तळाशी लाल मातीचा थर बसतच राहतो. अलिबागजवळच्या या घरात आंबा अगदी काठावर आहे. पानं गळतात, पुढे मोहोर झडतो. आंबा तोडणं मनात येत नाही, म्हणून रोबोट आणला.

निवडायला वेळ घेतला. पंपाच्या ओढीवर चालणारे क्लीनर स्वस्त पडतात. दक्षिण आफ्रिकेत १९७०च्या दशकात जन्मलेला ‘क्रीपी क्रॉली’ याच जातीचा. पण त्यांचा बारीक गाळ पूलच्याच फिल्टरवर येतो आणि मुख्य पंप तेवढा वेळ चालू ठेवावा लागतो. रोबोटची मोटर, जाळी स्वतःची. ट्रान्सफॉर्मर वीज साधारण २४ व्होल्टवर आणतो. आमच्या मातीला दाट जाळीच हवी, पानांना विरळ पुरते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

जाळी धुणं मला मनापासून आवडतं. मोहोर, पिसं, मुंग्या. आपल्या अंगणाची खबर तिच्यात मिळते. परवा माळीकाका म्हणाले, “ताई, बेडकाचं पिल्लू होतं, जिवंत. सोडलं अळवात.” आता यंत्र लावण्याआधी आम्ही पाण्यावर नजर फिरवतो.

क्लोरीन बघणं, पीएच ७.२ ते ७.६ राखणं हे मात्र आपलंच काम. घरी रोबोट घेणार असाल तर एवढं जपा: पोहण्यापूर्वी प्लग काढून तो बाहेर घ्या आणि सावलीत ठेवा.