अर्धा आटा

अब्बांनी मला कधी पाना हातात धरू दिला नाही. मिरज-सांगली रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, डिझेल गाड्यांचं. शाळा सुटल्यावर मी जेवणाचा डबा घेऊन जायचो, तर ते रस्त्यावरच डबा घ्यायचे आणि मला पिटाळायचे. "जा, किताब पकड. ये काम सीखने को गांव में भोत पोरां हैं."

मी किताब पकडली. मराठीत एम.ए. केलं, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो. अब्बांच्या मनासारखं झालं. आणि तिथूनच माझं एक खोटंही सुरू झालं. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "सर, वडील काय करतात?" तर मी "बिझनेस" म्हणायचो. गॅरेज म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर "हां, असणारच" असं काहीतरी उमटतं, ते मला नको असायचं. मोबाईलवर फिरणारे पंक्चरवाल्यांचे विनोद तुम्हीही पाहिले असतील. ते पाठवणाऱ्यांची मला चीड येते हे खरं. पण त्यांनी काही बोलायच्या आधीच मी बापाचा धंदा लपवला होता, हेही खरं.

आमची गाडी टाटा इंडिका व्ही-टू, २००७ची, डिझेल, बिनटर्बोची. अब्बांनी एका गिऱ्हाईकाकडून घेतलेली. १९९८च्या अखेरीस इंडिका आली तेव्हा आपल्याकडच्या साध्या माणसाला परवडेल अशी छोटी डिझेल कार पहिल्यांदाच मिळाली, असं अब्बा म्हणतात. त्याआधी प्रीमियरची १३७ डी होती, मारुतीने प्यूजोचं इंजिन घालून झेन आणि एस्टीम काढल्या, पण वडापवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी घेतली ती पिंपरीत बनलेली इंडिकाच. पुढे २००७मध्ये फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टमध्ये आलं आणि कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत तेच बसलं. २०२०च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. म्हणजे अब्बांच्या धंद्याचा भरभराटीचा काळ जेमतेम वीस वर्षांचा.

त्यांचं गॅरेज मात्र त्याआधीच बंद झालं होतं, कंपवातामुळे. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग दोन्ही हात. नट हातातून सुटून इंजिनाखाली पडायला लागले तेव्हा त्यांनी एका संध्याकाळी शटर ओढलं आणि चावी अम्मीकडे दिली. आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे.

माझ्या हातात पाना आला तो इंडिका सकाळी चालू होईना म्हणून. रात्रभर उभी राहिली की पहाटे स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, पंप गेलाय, नवा टाकावा लागेल, अठ्ठावीस हजार. मी घरी येऊन अब्बांना आकडा सांगितला. ते चहा पीत होते. म्हणाले, "हाथभर पारदर्शक पाइप ला, दो क्लिपां ला."

फिल्टरकडून पंपाकडे डिझेल नेणारी काळी रबरी नळी काढून तिथे तो पारदर्शक पाइप जोडायचा, एवढंच काम. मला त्याला दीड तास लागला. अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होते. हात माझे, बाकी सगळं त्यांचं. फिल्टरवरचा हातपंप दाबून एअर काढली, गाडी चालू केली, आणि पाइपातून डिझेलबरोबर बारीक बुडबुडे पळताना दिसले. पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. वाटेत कुठे नळी कडक होऊन चिरली असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी आणि दोन क्लिपा बदलल्या. खर्च एकशे नव्वद रुपये, त्यात पारदर्शक पाइपही आला.

त्या दिवसापासून मला नाद लागला. रविवारी सकाळी मी गाडीखाली आणि अब्बा खुर्चीवर. हीटर प्लग एकेक काढून बॅटरीवर तपासले, चारातले दोन मेलेले निघाले. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी कसं काढायचं, धुराचा रंग कसा वाचायचा (निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, काळा म्हणजे गरजेपेक्षा जास्त जातंय), हे सगळं चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलो. अब्बांचं निम्मं निदान कानाने व्हायचं. मिरजेत हे नवं नाही म्हणा. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तेव्हा त्यांचे हात तंबोऱ्याच्या लाकडाकडे वळले. अब्बांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "उनका काम बैठ के होता है, हमारा सो के."

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरातली हवा वीसपटीहून जास्त दाबली की इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आणि यात एक गंमत आहे, जिच्यापायी मी पुढे तोंडावर आपटलो. पेट्रोल गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा हवा वाढते. आमच्या इंडिकेसारख्या गाडीत हवा दर वेळी सिलिंडरभर तेवढीच येते, पाय दाबला की वाढतं ते फक्त डिझेल. ते जास्तीत जास्त किती जावं, हे पंपावरच्या एका सील केलेल्या स्क्रूने ठरवलेलं असतं.

या स्क्रूबद्दल मला माझ्या भाच्याने सांगितलं. त्याच्याकडे स्विफ्ट आहे. त्याने लॅपटॉप लावून तिचं मॅपिंग बदलून घेतलंय आणि ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवून ते बंद करून टाकलंय. जळलेला धूर थोडा परत इंजिनात घेऊन आतलं तापमान उतरवायचं, म्हणजे विषारी वायू कमी होतात, यासाठी ते ईजीआर असतं. काजळीने चोंदतं हे खरं, पण ते काढून साफ करता येतं. चकती मारणं सोपं म्हणून लोक चकती मारतात. भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या गाडीला लॅपटॉपपण नको. तो स्क्रू अर्धा आटा आत घ्या, गाडी उडेल."

२०२१च्या नोव्हेंबरात रत्नागिरीत लग्न होतं. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत सामान, आणि येताना आंबा घाट चढायचा. इंडिकेचे घोडे पन्नासच्या जरा वर. एसी बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये रडतरडत चढणं ठरलेलंच. निघायच्या आदल्या रात्री अब्बा इशाच्या नमाजाला गेल्यावर मी सील तोडलं, लॉकनट सैल केला आणि अर्धा आटा फिरवला. जाताना गाडी खरंच हलकी वाटली. रत्नागिरीत मी आणखी थोडा फिरवला. मग जास्त झाला वाटून थोडा मागे घेतला. मग पुन्हा पुढे.

परतीला साखरप्याच्या पुढे घाट लागला. गाडी तिसऱ्या गिअरवर चढत होती आणि मी खूश होतो. एका वळणावर आरशात बघितलं, तर मागे रस्ताच दिसेना. काळं ढग. त्या ढगातून एक स्कूटर बाहेर आली. बाईने एका हाताने पदर तोंडावर धरला होता, पुढे उभ्या असलेल्या पोराने तिच्या पोटात डोकं खुपसलं होतं. तिने बाजूला थांबून आम्हाला पुढे जाऊ दिलं. अम्मी मागच्या सीटवरून म्हणाली, "हमारी गाडी का है क्या रे ये?" मी म्हणालो, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता.

आटा डिझेल वाढवतो, हवा वाढवत नाही. जे डिझेल जळायला हवाच मिळाली नाही, ते काजळी होऊन मागच्याच्या छातीत जातं. हे मला आधीच माहीत होतं. वर लिहिलंय ते सगळं मला त्या रात्रीही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा गाडीपाशी गेले. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बोटाकडे बघत उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होतो. आत आले तेव्हा ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "निशानी लगाया था क्या?"

मी लावली नव्हती. काहीही उघडण्याआधी, फिरवण्याआधी, स्क्रू आणि त्याचं घर यांच्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे परत कुठे यायचं ते कळतं, हा त्यांच्या गॅरेजचा पहिला धडा. तिथलं बारा वर्षांचं पोरही हे चुकत नसे. पण मी त्यांच्या गॅरेजमध्ये शिकलो नव्हतो. चार-पाच वेळा पुढेमागे केल्यावर मूळ जागा कोणती हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. मी अंदाजाने मागे घेतला तर गाडी चढाला दम टाकायला लागली, पुढे घेतला तर धूर. पीयूसीला नेली. पाय पूर्ण दाबून धूर मोजतात. जुन्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ एचएसयूची, आमची ८०च्या पुढे. तिथला मुलगा म्हणाला, "सर, काहीतरी करता येईल." मी गाडी माघारी आणली. २०२२च्या मे महिन्यात गाडीला पंधरा वर्षं होत होती, पुन्हा पासिंग करायचं होतं. एप्रिलपासून त्याची फी ६०० वरून ५००० झाली, ते वेगळंच.

अब्बा आठवडाभर त्या विषयावर बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "गिऱ्हाईक बोलते थे मेरेको, मिस्त्री, जरा पावर बढा दो. मैं पूछता, पीछे चलने वाले का क्या कसूर?" रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणं ईमानात मोडतं, हे आपण लहानपणी मदरशात पाठ केलेलं असतं. ते गॅरेजमध्ये वापरायचं असतं हे मात्र मला सुचलं नव्हतं.

उपाय एकच होता. पंप काढून बेंचवर कॅलिब्रेट करून आणायचा. ते काम करणारा जुना माणूस कोल्हापुरात होता. पंप काढायचा म्हणजे टायमिंगचा पट्टा आला, पुली आली, आणि पंप ज्या फटीत सरकवून टायमिंग जुळवतात ती जागा आली. तिथे चुकलं तर नुसता धूर नाही, पट्ट्याचा दात चुकून वॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. मी निशाणीला रंग शोधत होतो. माझ्या मुलीने नेलपॉलिशची बाटली आणून दिली. नेलपॉलिश असताना वुजू होत नाही म्हणून आमच्याकडे ती बाटली लग्नकार्यापुरतीच निघते, त्यामुळे भरलेलीच होती. अब्बा स्वतः जुम्म्याला आधी डिझेलने, मग भुसा आणि साबणाने तासभर हात घासायचे. मौलाना त्यांना सांगायचे, मिस्त्री, कारागिराच्या नखातल्या मळाला माफी आहे. तरी घासायचे.

पुलीवर आणि पट्ट्यावर मी रेघ मारली. पंपाच्या पट्टीवर मारायला वाकलो तर अब्बा खुर्चीवरून उठले. "ला, वो मेरेको दे." मी ब्रश दिला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला, आणि पंप व त्याच्या बैठकीवरून मिळून एक रेघ ओढली. लाल, जाड, आणि करवतीसारखी वाकडीतिकडी. मी ती पुसून नीट मारायला निघालो, तर म्हणाले, "रहने दे."

कोल्हापूरच्या मिस्त्रींनी पंप हातात घेऊन फिरवला. तुटलेलं सील बघून त्यांना सगळं कळलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. रेघेपाशी थांबले. "हे कुणी केलंय? हात कापत होता काय?"

"अब्बांनी," मी म्हणालो. "मिरजेला गॅरेज होतं त्यांचं. डिझेलचं."

ते म्हणाले, "मग तुम्ही कसं काय सील तोडलं?"

पंप परत आला, स्क्रू नव्या सीलसह. रविवारी बसवायला घेतला. सरळ रेघ असती तर एखादा केस इकडेतिकडे चालून गेला असता. ती वाकडी रेघ एकाच जागी जुळत होती, वरचा दात खालच्या खाचेत. ती जुळली तेव्हा मी नट आवळले, हातपंपाने एअर काढली आणि अब्बांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, ऐकायला.

"मार," म्हणाले.