आत्याची चौकट

घराच्या दाराची चौकट सुतार बसवून देतो. मजकुराची चौकट मात्र हल्लीं ज्याची त्यालाच बसवावी लागते, हें ज्ञान मला सत्तरीच्या उंबरठ्यावर झालें. आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ति काढावयाचें ठरलें आणि, 'तुम्हांला आतां दुसरा उद्योग तरी काय आहे?' या सर्वमान्य न्यायानें तें काम माझ्या गळ्यांत पडलें. पुतण्यानें संगणकावर लिबरऑफिसमधला 'रायटर' उघडून दिला. ही प्रणाली २०१० सालीं ओपनऑफिसपासून निराळी निघाली आणि ती कोणासही विनामूल्य मिळते, हें ऐकतांच माझा निम्मा विरोध मावळला.

पहिल्या आवृत्तींत आमच्या आत्याविषयीं अवघा एवढाच मजकूर होता: 'कन्या १'. नांवसुद्धां नव्हतें. वंशावळींत मुलगे नांवानें येत, मुली आंकड्यानें. वस्तुतः हीच आत्या १९ व्या वर्षीं कपाळ पांढरें होऊन माहेरीं परतली आणि पुढें ५० वर्षें आमच्या घराचा कणा होऊन राहिली. वडिलांच्या कॉलेजच्या फीला पैसे नव्हते, तेव्हां तिनें आपल्या पाटल्या मोडल्या. हें सारें नव्या आवृत्तींत यावें, असें मीं सुचवितांच थोरले चुलतबंधु म्हणाले, "मुलीला अनुक्रमांक दिलास तर पुढचे सगळे क्रमांक बदलतील. त्यापेक्षां तिच्यासाठीं एक छानशी चौकट घाल." मलाहि तें पटलें. चौकटीला क्रमांक लागत नाहीं.

चौकट घालणें तसें सोपें आहे. 'इन्सर्ट'च्या यादींतून 'फ्रेम' निवडली कीं पानावर रिकामा चौकोन उभा राहतो. मीं त्याला दुहेरी रेघ दिली, आंत फिकट रंग भरला. रेघ आणि आंतलीं अक्षरें यांमधलें अंतर 'बॉर्डर्स'मध्यें ठरवावयाचें आणि बाहेरचा मजकूर चौकटीला खेटूं नये म्हणून ठेवावयाचें अंतर 'रॅप'मध्यें, एवढें उमगण्यांत एक दुपार गेली. पण मजकूर चौकटीला वळसा घालून वाहूं लागला, तेव्हां मला जुन्या त्रिपाठ पोथीची आठवण झाली. तींत मूळ ग्रंथ मधोमध मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खालीं लिहिलेली असते. आत्याला आपण असेंच मानाचें स्थान दिलें, या समाधानांत मी झोंपीं गेलों.

पुढें आठ दिवस मी इतर शाखांची माहिती भरीत होतों. मग सहज मागें जाऊन पाहतों तों आत्या भलत्याच घरीं! आमच्या वाड्याचें वर्णन दोन पानें पुढें सरकलें होतें आणि तिची चौकट, जिच्याशीं तिचा कधीं शब्दहि झाला नसेल अशा शाखेच्या मंडळींत, एकटीच उभी होती. चौकट निवडली कीं शेजारीं जहाजाच्या नांगराचें लहानसें चित्र दिसतें; त्याचा अर्थ तेव्हां कळला. नांगर पानाला टाकला तर मजकूर कोठेंहि जावो, चौकट त्या पानावरून हालत नाहीं. परिच्छेदाला टाकला तर ती त्या परिच्छेदाच्या पाठोपाठ जाते. अक्षराला टाकतां येतो, आणि चौकटीलाच एक अक्षर मानून ओळींत बसवितांहि येते. कोपऱ्यांत शोभून दिसावी म्हणून मीं ती पानाला बांधली होती. नांगर उचलून वाड्याच्या परिच्छेदाला टाकला आणि आत्या स्वगृहीं आली.

छापून काढलेलीं पानें सौभाग्यवतीनें वाचलीं. "अहो, आत्याबाईंच्या पाटल्यांची हकीकत कोठें गेली?" मी चपापलों. सर्व चौकटी सारख्या दिसाव्यात म्हणून मीं उंची नेमून दिली होती. मजकूर वाढला तशी उंची आपोआप वाढावी, अशी सोय त्यांत आहे. ती मीं काढून टाकली होती. अशा वेळीं न मावलेल्या ओळी पुसल्या जात नाहींत, नुसत्या दिसेनाशा होतात. तिथें दुसरी रिकामी चौकट जोडून दिली तर त्या तींत उतरतात, हेंहि मीं उत्साहानें सांगूं लागलों.

ती शांतपणें म्हणाली, "जोडा हवी तर. पण वाचणारा चौकट वगळून पुढें गेला तर त्याचें कांहीं अडतें का?"

मजजवळ उत्तर नव्हतें. चौकट वगळली तरी कथा न तुटतां वाचतां येते. किंबहुना तशी वाचतां यावी म्हणूनच तो मजकूर चौकटींत घालतात. पण आत्या वगळली तर आमच्या घराची कथा दुसऱ्याच ओळीला अडते. वडिलांच्या पदवीचा उल्लेख मूळ मजकुरांत होता, आणि ज्या पाटल्यांवर ती मिळाली त्या चौकटीच्या पोटांत दडल्या होत्या! बंधूंचा सल्ला मला इतक्या लवकर कां पटला, हेंहि तेव्हां ध्यानांत आलें. मला आत्याचा मान राखावयाचा होता, पण कोणाचा क्रमांक हालवावयाचा नव्हता.

त्या रात्रीं मीं चौकट काढून टाकली. आत्या तिच्या भावांच्या रांगेंत, जन्माच्या क्रमानें, नांवानिशीं बसली. पाटल्या वडिलांच्या पदवीच्या अगोदर आल्या. तिच्यापुढचे सारे खालीं सरकले, थोरले चुलतबंधुसुद्धां. त्यांस अजून सांगितलेलें नाहीं.

मात्र एकीला क्रमांक दिल्यावर बाकीच्या लेकींना कोणत्या तोंडानें नाकारावयाचा? सर्व शाखांना पत्रें धाडलीं. बहुतेक नांवें आलीं. ६ जणींचीं अद्याप कोणालाच आठवत नाहींत. त्यांचे क्रमांक घालून पुढें ओळ कोरी ठेविली आहे.