पन्नासांपैकीं पंधरा गुण

मद्याच्या पेल्याविषयीं आमच्यासारख्या मनुष्यानें लेख लिहावा, आणि तोहि घरांतील लहानथोर मंडळी ज्याची वाट पाहतात अशा मासिकांत, हें पाहून कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील. त्यांस आरंभींच सांगून ठेवतों कीं, आम्ही तें पेय प्यालों नाहीं. परंतु त्याची परीक्षा मात्र आम्हीं केली, रीतसर गुण दिले, आणि ते देतांना एका निराळ्याच परीक्षेस आम्हांस बसावें लागलें. त्याची ही हकीकत आहे.

आमचे धाकटे चिरंजीव बेल्जम देशांतील लूव्हेन शहरीं संशोधनाचें काम करतात. गेल्या वर्षीं एप्रिलपासून तीन महिने आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहून आलों. निघतांना वडील बंधूंनीं (त्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात) देवापुढें सुपारी ठेवून आमच्याकडून वचन घेतलें कीं, परदेशांत अपेयपान घडूं द्यावयाचें नाहीं. नंतर हळूच म्हणाले, “तुझी मला काळजी नाहीं. तिकडे पोराचें कसें काय चाललें आहे, तें मात्र डोळ्यांनीं पाहून ये.”

लूव्हेन हें ब्रुसेल्सच्या पूर्वेस, रेल्वेनें सुमारें अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. येथील विद्यापीठ 1425 सालीं स्थापन झालें. त्याचें ग्रंथालय 1914 च्या ऑगस्टांत जर्मन सैन्यानें जाळलें. नवें बांधलें तें 1940 च्या मे महिन्यांत पुन्हां जळालें. आणि आज पाहावें तों तें पुन्हां उभें आहे! ग्रंथांवर ज्यांचें प्रेम आहे त्यांनीं त्या इमारतीपुढें क्षणभर तरी उभें राहावें. त्याच गांवांत बिअर करण्याचा धंदा मात्र विद्यापीठाहूनहि जुना आहे. त्या देशांत बिअर हें केवळ व्यसनाचें साधन मानीत नाहींत. आपल्याकडे लोणचें किंवा मसाला जसा घरोघरचा निराळा, तशी तिकडे बिअर गांवोगांवची निराळी. आणि युनेस्कोनें 2016 सालीं या परंपरेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें आहे.

चिरंजिवांच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. तेहि प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. त्या मुलखांत डच भाषा चालते, आणि पोरें आपल्या गुरुजींस ‘मेस्टर’ म्हणून हांक मारतात. आमच्याकडेहि पोरें आम्हांस ‘मास्तर’च म्हणत, असें आम्हीं सांगतांच त्यांस फार मौज वाटली, त्या दिवसापासून ते आमचे मेस्टर व आम्ही त्यांचे मास्तर झालों. चिरंजीव दुभाष्याचें काम करीत. मेस्टरांच्या परसांत मधमाशांच्या चार पेट्या होत्या. त्या त्यांच्या पत्नीनें ठेवलेल्या. ती कांहीं वर्षांपूर्वीं वारली. तिच्या हयातींत दर उन्हाळ्यास तिचा मध घालून ते घरीं गव्हाची बिअर करीत, आणि ती गेल्यावरहि त्यांनीं तो क्रम मोडला नव्हता. “पण पूर्वींसारखी साधत नाहीं, मधाचा वास लागतच नाहीं. आणि मित्रमंडळी तोंडापुढें नुसती वाहवा करतात,” अशी त्यांची तक्रार होती. परक्या, पण परीक्षेचे पेपर तपासण्यांत केस पिकलेल्या मनुष्यानें खरा निकाल द्यावा, असा त्यांचा आग्रह. आम्हीं आमचें वचन त्यांस सांगितलें. ते म्हणाले, “आधीं सर्व पाहा तर खरें!”

मुलगी पाहण्यापूर्वीं तिचें माहेर पाहावें, या न्यायानें मेस्टर आम्हांस प्रथम हूगार्डन येथें घेऊन गेले. लूव्हेनहून आगगाडीनें टीनेन, आणि तेथून बसनें पुढें. टीनेनला बीटाच्या साखरेचा मोठा कारखाना आहे. भोंवतालीं जमीन काळी नव्हे, पण पिठासारखी मऊ, आणि दृष्टि पोहोंचेल तेथवर गहूं व बीट. हूगार्डन हें गेटे नदीकांठचें लहानसें गांव. मध्यभागीं संत गोर्गोनियसाचें भलें मोठें देवालय, आणि थोड्या अंतरावर बिअरचा कारखाना. पूर्वीं हें गांव ब्राबांटच्या मुलखानें वेढलेलें असूनहि लिएजच्या धर्माधिपतीच्या सत्तेखालीं होतें, म्हणून ब्राबांटचे कर येथें लागत नसत. या सवलतीवर धंदा इतका फोफावला कीं, अठराव्या शतकांत एवढ्याशा गांवांत तीसांहून अधिक कारखाने होते. शेतांतला गहूं, धने, आणि डचांच्या कुरासाव बेटावरील कडवट संत्र्याची वाळविलेली साल, हें येथील पेयाचें वैशिष्ट्य. जर्मनींतील बव्हेरियांत 1516 सालीं हुकूम निघाला होता कीं, बिअरमध्यें जव, हॉप वेलीचीं फुलें व पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये. त्या कायद्याच्या नजरेनें हूगार्डनचें पेय म्हणजे शुद्ध भेसळच!

पुढें लोकांची रुचि पालटली आणि 1957 सालीं गांवांतील शेवटचा कारखाना बंद पडला. कांहीं वर्षांनीं पिएर सेलिस नांवाच्या एका दूध घालणाऱ्या गृहस्थानें, तरुणपणीं शेजारच्या कारखान्यांत जें पाहिलें व केलें होतें त्याच्या आठवणीवरून, तें पेय पुन्हां सुरू केलें. 1985 सालीं त्याच्या कारखान्यास आग लागली. पुनर्बांधणीस भांडवल देणाऱ्या मोठ्या कंपनीकडे पुढें धंदाच गेला. साठी उलटलेला तो मनुष्य अमेरिकेंत टेक्ससमधील ऑस्टिन येथें गेला व 1992 मध्यें त्यानें नवा डाव मांडला. तो 2011 सालीं वारला. एका मनुष्याच्या आठवणीनें एका गांवाची चव वांचविली, ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली. परततांना मेस्टर फारसें बोलले नाहींत. तेहि आपल्या परीनें तेंच करीत होते.

पुढल्या शनिवारीं त्यांच्या स्वयंपाकघरांत काम सुरू झालें. मोड आणून वाळविलेले जव अडीच किलो व तितकाच गहूं, दोन्ही भरडून सुमारें पासष्ट अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेविले. जवास मोड येतांना त्यांत जें द्रव्य उत्पन्न होतें, तें या उष्णतेंत धान्यांतील पिठूळ भागाची साखर करतें. आपण नाचणीस मोड आणून सत्त्व करतों, त्यांतलें मर्म हेंच. त्या घरांत वास सुटला तो थेट कुरडयांचा चीक शिजवितांना सुटतो तसा. आमच्या सौभाग्यवती तर चटकन् पदर खोंचून डाव हातीं घेण्याच्या बेतांत होत्या! गाळलेल्या त्या रसांत मद्यांश मुळींच नसतो. म्हणून तो आम्ही उभयतांनीं वाटीभर घेतला. गोड, किंचित् पिठूळ, आजाऱ्यासहि देतां येईल असा. मग तो तासभर उकळला, हॉपचीं फुलें पडलीं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ठेंचलेले धने व संत्र्याची साल. तीस ग्रॅम धने पाहून सौभाग्यवती पुटपुटल्या, “जास्त होतात.” परक्या घरीं बोलावें कसें, म्हणून गप्प राहिल्या.

आतां मध. मेस्टर तो उकळत्या रसांतच घालीत. आम्हीं म्हटलें, आमच्या आयुर्वेदांत मध तापविणें निषिद्ध आहे. त्याचें कारण निराळें सांगितलें असलें, तरी फुलांचा वास एवढ्या वाफेंत टिकावा कसा? पत्नी कसा घालीत असे, असें आम्हीं विचारलें. मेस्टर थबकले. म्हणाले, “मध तीच घाली. तिसऱ्या दिवशीं तळघरांत जाई. मीं कधीं विचारलें नाहीं.” मग आम्हीं दोघां मास्तरांनीं ठरविलें कीं, शंका आहे तेथें प्रयोग करावा. रसाचे दोन समान भाग केले. एकांत पाव किलो मध उकळतांना घातला. दुसऱ्यांत, रस थंड करून किण्व, म्हणजे यीस्ट, मिसळल्यावर तिसऱ्या दिवशीं, फेंस जोरांत असतांना तितकाच घातला. आठवडाभरानें दोन्ही निरनिराळ्या बाटल्यांत भरून ठेविले.

मधल्या तीन आठवड्यांत आम्हीं शास्त्रार्थ करून पाहिला. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही द्विजांस वर्ज्य ठरविले आहेत. येथें पिठाची पैष्टी आणि मधाची माध्वी एकाच पेल्यांत! उलटपक्षीं कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून धान्य, किण्व, कवठ, मध, पिंपळी व मिरीं यांचीं मापें वाण्याच्या यादीसारखीं दिलेलीं आहेत. म्हणजे आपल्या देशास ही विद्या ठाऊक नव्हती असें नव्हे. आणखी एक गोष्ट मनाशीं कबूल करावी लागली. वैद्यांनीं दिलेलें द्राक्षासव आम्हीं वर्षानुवर्षें घेतलें आहे, आणि त्यांत स्वतः उत्पन्न झालेला मद्यांश सामान्यतः पांच ते दहा टक्के असतो. मेस्टरांच्या बिअरमध्यें तो पांचाच्या आसपास. मात्रा चमच्याची आणि हेतु औषधाचा, हा भेद खरा. तरी पण आमचें सोंवळें आम्हीं समजत होतों तितकें कडक नाहीं, हेंहि खरेंच.

जूनच्या मध्यास परीक्षेचा दिवस उजाडला. घरीं बिअर करणाऱ्या मंडळींत परीक्षेचा एक छापील कागद चालतो. एकूण गुण 50: वासास 12, रूपास 3, चवीस 20, तोंडांतील स्पर्शास 5 आणि एकंदर परिणामास 10. तो पाहतांच आम्हांस मार्ग सांपडला. न पितां वासाचे व रूपाचे मिळून 15 गुण आम्हांस देतां येत होते! वास घेणें म्हणजे अर्धें जेवण, असें म्हणतात खरें. पण वचन पिण्याविषयींचें होतें, आणि दादांस आम्ही हें तोंडावर सांगूं शकलों असतों.

दोन पेले पुढें आले. दोहोंचा रंग फिकट पिवळा, लिंबाच्या सरबतासारखा गढूळ; गव्हाच्या पेयास हा गढूळपणा शोभतो, दोष नव्हे. वर पांढराशुभ्र दाट फेंस. दोघांसहि तीनपैकीं तीन. पहिल्याचा वास घेतला: धने, संत्रें, मागून लवंगेसारखा किण्वाचा वास, मध नाहीं. बारापैकीं सहा. दुसरा पेला नाकाशीं नेला आणि आम्ही थांबलों. सफरचंदाच्या मोहराची बाग दुरून यावी तसा मध त्यांत होता. मात्र धन्यांचा वास साबणाकडे झुंकत होता. नऊ गुण दिले. सौभाग्यवतींनीं वास घेऊन आम्हांकडे पाहिलें. त्यांचें पहिल्या दिवशींचें पुटपुटणें खरें ठरलें होतें. मेस्टरांनीं दुसरा पेला उचलून डोळे मिटून वास घेतला व कांहीं वेळ ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले.

मग वळून सहज म्हणाले, “उरलेले पस्तीस गुण नेहमींप्रमाणें तुमचे चिरंजीव देतील.”

‘नेहमींप्रमाणें’ हा शब्द भाषांतर करतांना चिरंजिवांची जीभ अडखळली. परंतु त्यांनीं तो गाळला नाहीं, एवढें आम्हीं टिपून ठेविलें. त्यांचा चेहरा उतरला होता. चार वर्षें दर आठवड्यास फोनवर आम्ही त्यांस जेवण, प्रकृति, थंडी सर्व विचारीत होतों. आणि दादांनीं पाहून यावयास सांगितलें होतें तें हेंच. वाईट वाटलें. पेल्याचें वाटलें, त्याहून लपविल्याचें अधिक. पण लगेच मनांत आलें कीं, खरें सांगितलें तर घरांत काय होईल, याचें भय घालणारे तरी कोण? आम्हीच ना?

आम्हीं कागद त्यांच्यापुढें सरकविला. म्हटलें, “लिही. मेस्टरांस बरें वाटावें म्हणून एक गुण वाढवूं नकोस, आणि मला बरें वाटावें म्हणून एक घोट लपवूं नकोस.”

त्यांनीं दोन्ही पेल्यांतून थोडें थोडें घेतलें, मध्यें पाणी प्याले, आणि सावकाश लिहिलें. दुसऱ्या पेल्याविषयींचा अभिप्राय असा: मधाचें नांव ऐकून गोडीची अपेक्षा करणारा फसेल, मधांतील साखर किण्वानें जवळजवळ सगळी खाल्ली, म्हणून पेय कोरडें व अंगानें किंचित् हलकें झालें, वास मात्र राहिला आहे, धने निम्मे करावेत. एकूण बेरीज, पहिल्यास 29 व दुसऱ्यास 34. चाळीस वर्षें पेपर तपासल्यावर सांगतों, तो निकाल योग्य होता. मेस्टरांनीं कागद घडी घालून पत्नीच्या तसबिरीमागें ठेविला, आणि त्याची प्रत आम्हांस दिली.

घरीं परततांना चिरंजीव म्हणाले, “नाना, महिन्यांतून एखादे वेळीं, एक पेला. सांगावयाचें धैर्य झालें नाहीं.” आम्हीं त्यांस आशीर्वाद दिला नाहीं, आणि शपथहि घातली नाहीं. आम्हांस हें आवडलें असेंहि नव्हे. एवढेंच सांगितलें कीं, दादांपासून आम्ही लपविणार नाहीं.

परत आल्यावर ओसरीवर दादांपुढें तो कागद आणि मेस्टरांनीं दिलेली मधाची बाटली ठेविली व सर्व हकीकत सांगितली. दादांनीं चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“हे पंधरा तुझे. आणि हे पस्तीस?”

“त्याचे.”

बराच वेळ ते बोलले नाहींत. मग कागद परत देत म्हणाले, “अक्षर अजून सुधारलेलें नाहीं.” आणि मधाची बाटली उचलून, उद्यांच्या पंचामृतासाठीं म्हणून, देवघरांत घेऊन गेले.