राजाभाऊंची गादी

इंग्रजीत त्याला 'सब्स्ट्रेट' म्हणतात, साध्या बोलीत 'बेडिंग'. पाळलेल्या सापाच्या पेटीत तळाशी जे पसरतात ते. मला हे मराठीत लिहायचं होतं, तेही पुस्तकासाठी नाही, आईसाठी. मी तीन आठवडे कोलकात्याला जाणार होते आणि त्या काळात पेटीची जबाबदारी तिच्याकडे राहणार होती. परिभाषाकोशाच्या वळणाचा 'अधःस्तर' लिहिला असता तर आईने कागद घडी घालून देवघरात ठेवून दिला असता. 'अंथरूण' म्हटलं तर ती म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे याला कसं सांगायचं?" शेवटी शब्द सापडला तो कोंबड्यांच्या खुराड्यात. कुक्कुटपालनाच्या मराठी पुस्तिकांमध्ये तूस नाहीतर भुसा पसरून त्यावर कोंबड्या ठेवण्याला 'गादी पद्धत' म्हणतात. गादी. वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला या शब्दाचा दुसरा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्यात हा साप जातीचाच राजा. बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथन रीजियस, म्हणजे राजेशाही अजगर. भीती वाटली की अंगाचा घट्ट चेंडू करून डोकं मधे लपवतो, म्हणून 'बॉल'. भाच्याने कॉलेजात असताना पाळला. 2020 साली केंद्र सरकारने विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सांगितलं तेव्हा जाहीर केला, आणि 2024 च्या नियमांनंतर 'परिवेश' पोर्टलवर त्याची रीतसर नोंदणीही केली. मग तो शिकायला जर्मनीला गेला. पुण्याच्या ताईच्या सोसायटीत सापाचं नाव काढायची सोय नाही. उरली मावशी. हस्तांतराची कागदपत्रं करून पेटी माझ्याकडे आली. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर घरात ठेवणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, ते योग्यच आहे. परदेशातल्या सापाला मात्र नोंदणीची वाट आहे. ही वाट असावी का, याबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. पण मत हे प्राणी घरात येण्याआधी उपयोगाचं असतं. आलेला जीव वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने 2020 साली अंडी घातल्याची बातमी मी वाचली आणि माझ्या वयात वीस-तीस मिळवून पाहिले. डॉक्टरांनी तपासून आमची मादी असल्याचं सांगितलं. आई तिला 'राजाभाऊ' म्हणते, आणि निदान कळल्यावरही तिने नाव बदललं नाही.

आता गादीचा प्रश्न सुशोभनाचा नाही, हे मला राजाभाऊंच्या डोळ्यांनी शिकवलं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघून यायला हवा. हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला अडकते, डोळ्यावरचा खवला तसाच राहतो. पुढच्या वेळी त्यावर आणखी एक थर. बरं, म्हणून ओलावा वाढवावा तर सतत ओल्या गादीवर पडून पोटाच्या खवल्यांना फोड येतात आणि ते चिघळतात. शिवाय ओल आणि गारठा एकत्र आला की श्वसनाचा विकार. साप तोंड उघडं ठेवून बसतो, नाकपुडीत बुडबुडे दिसतात. खोकता येत नसल्यामुळे त्याची घरघर कान लावून ऐकावी लागते. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधली पाऊलवाट म्हणजे गादी.

बॉल पायथनसाठी साधारण साठ टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त. ही गोष्ट सगळी इंग्रजी माहितीपत्रकं सांगतात. पण ती ज्या घरांसाठी लिहिलेली असतात त्या घरांत हिवाळाभर हीटर चालू असतो आणि हवा सुकलेली असते. तिथे प्रश्न एकच: ओल टिकवायची कशी? आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हवा पापडासारखी कोरडी. जुलैत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो आणि कपाटातल्या शब्दकोशांना बुरशीचा वास येतो. एकच गादी या दोन्ही महिन्यांना कशी पुरणार? माहितीपत्रकाचा शब्दशः अनुवाद आईच्या हातात दिला असता तर तिने भर पावसाळ्यात इमानेइतबारे रोज पाणी फवारलं असतं.

लाकडाची गोष्ट तर आणखी गुंत्याची. तिकडे पसंतीची गादी म्हणजे अ‍ॅस्पेनच्या लाकडाच्या चिरफळ्या. हलक्या, बिनवासाच्या, सापाला आत शिरून बोगदा करता येईल अशा. अ‍ॅस्पेन आपल्याकडे होत नाही. उत्तरेत प्लायवुडसाठी लावतात तो पॉप्लर त्याचा भाऊबंद, पण त्याच्या चिरफळ्या पिशवीत भरून विकताना मी कुणाला पाहिलेलं नाही. शिवाय अ‍ॅस्पेन भिजलं की लवकर बुरशी धरतं, म्हणजे बॉल पायथनला ते तसंही जेमतेमच. त्यानंतर येतो इशारा: पाइनबद्दल मतभेद आहेत, भट्टीत वाळवलेलं असेल तर काहीजण वापरतात, पण सीडर कधीही नाही, त्यातली सुगंधी तेलं सापाच्या श्वसनाला घातक. आता याचा अनुवाद करा. शब्दकोश सांगतो, सीडर म्हणजे देवदार. बरोबर आहे, हिमालयातला देवदार हा खराखुरा सीडर. गंमत अशी की इशाऱ्यातला अमेरिकन सीडर खरा सीडरच नाही. तिकडचे लोक ज्याला लाल सीडर म्हणतात त्यातला एक जुनिपर आहे आणि दुसरा थुजा. पण गुंता इथे संपत नाही. आपल्याकडे बाजारात 'देवदारी खोकं' म्हणतात ते बहुतेक वेळा पाइनचं, म्हणजे चिडाचं असतं. म्हणजे ज्या दोन लाकडांमध्ये माहितीपत्रक 'कदाचित' आणि 'कधीच नाही' एवढा फरक करतं, ती दोन्ही मराठी बोलण्यात एकाच नावाखाली येऊन बसतात.

जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकताना अनुवादात काय हरवतं यावर आम्ही बऱ्याच संध्याकाळी घालवल्या. तिथे हरवायचं ते ध्वनी, सूचन, एखादा श्लेष. इथे हरवलं तर एका जनावराची फुप्फुसं.

शेवटी मी झाडांची नावंच काढून टाकली आणि आईसाठी लिहिलं: 'ज्या भुशाला वास येतो तो घालायचा नाही.' शास्त्राच्या दृष्टीने हे ढोबळ आहे, पण ढोबळपणा सापाच्या बाजूचा आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान आहे. तो भुशाला गुजरातीत 'वहेर' म्हणतो आणि पोतं भरून फुकट द्यायला तयार असतो. त्या पोत्यात साग असतो, प्लायवुडचा डिंक असतो, एमडीएफची पिठासारखी धूळ असते. नको. शहरातल्या एका दुकानदाराने 'खास पाळीव प्राण्यांसाठी' म्हणून एक पाकीट दिलं. उघडल्यावर उदबत्तीच्या डब्यासारखा घमघमाट. मालकाला छान वाटावं म्हणून घातलेला तो वास. मी परत करायला गेले तर तो म्हणाला, "बहेनजी, सापाला कुठे नाक असतं?" साप जिभेने हवेतला गंध गोळा करून टाळूपाशी नेतो आणि तिथे त्याची चव घेतो. वासाच्या बाबतीत तो आपल्यापेक्षा फार पुढे आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

बाकीच्या पर्यायांवर फार शाई घालवत नाही. सायप्रस वृक्षाच्या सालीचा चुरा तिकडे चांगला मानतात. शब्दाच्या मागे गेलात तर सायप्रसचा फारसीत सरो होतो आणि सरोवरून घसरून मराठीत तुम्ही सुरूच्या बनात पोचता. त्या दोन झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाळू बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिली येते, कारण सिनेमातले साप वाळवंटात राहतात. राजाभाऊंचे पूर्वज मात्र पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ मुलखातले. तिथे ते उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत राहतात, स्वतः खणत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण लबाडांसाठी राखून ठेवली आहे, खरं तर ती निवासाची अचूक नोंद आहे. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचा चुराही काही ठिकाणी विकतात. तो भक्ष्याला चिकटून पोटात गेला तर फुगतो आणि आतडं तुंबतं.

राहिला नारळ. सोडणाचे बारीक तुकडे आणि कोकोपीट यांचं मिश्रण. ओल धरतं, सहजी बुरशी येत नाही, वास नाही. परदेशातल्या महागड्या पिशव्यांवर घनदाट जंगलाचं चित्र असतं आणि आतला माल अनेकदा भारतातला नाहीतर श्रीलंकेतला असतो, पोल्लाचीसारख्या गावांतून दाबून गेलेला. मी तो नर्सरीतून वीट घेऊन आणते. त्यात खत मिसळलेलं नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. किनाऱ्याकडच्या काथ्यात मीठ असू शकतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवायचं. वीट बादलीत टाकली की तासाभरात फुगून बादलीभर होते. मग मूठ आवळून पाहायची. हाताला गार लागावं, पण बोटांतून पाणी गळू नये. हे मोजमाप आईला एका वाक्यात कळलं. ती म्हणाली, "भाकरीला पीठ मळण्याआधी ओलसर करतो, त्याच्याही अलीकडे." मी हेच लिहून घेतलं. यापेक्षा नेमकं वाक्य मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलेलं नाही.

ही गादी दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात ती काढून टाकते आणि वर्तमानपत्र घालते. शौकीन लोक वर्तमानपत्राला नाक मुरडतात. त्यांना पेटीत जिवंत शेवाळ, किडे, कुजती पानं, छोटं जंगल हवं असतं. मला त्यांचा राग नाही, पण त्यातला बराच भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो असं मला वाटतं. कागदावर विष्ठा लगेच दिसते, गोचिडीएवढेही नसलेले काळे माइट दिसतात, लाळेचा थेंब दिसतो. म्हणूनच नव्या किंवा आजारी सापाला आधी कागदावरच ठेवतात. कागद ओल धरत नाही, हे एरवीचं वैगुण्य जुलैत गुण होतं. कात टाकायच्या सुमारास तेवढा ओलसर शेवाळाचा एक डबा कोपऱ्यात ठेवते, झाकणाला भोक पाडून. डोळे निळसर, दुधाळ झाले की ती आपणहून त्यात जाऊन बसते.

लपायच्या जागेचा प्रश्न आईने सोडवला. तिचं माहेर शिराळ्याच्या बाजूचं. नागपंचमीच्या आधी नाग धरून घरोघर मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून, हे तिने लहानपणी पाहिलेलं. पुढे न्यायालयाने जिवंत नाग पकडायला बंदी घातली. मी विचारलं, मडक्यात खाली काय घालायचे? "काही नाही गं. मडकंच गार असायचं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ते बाहेर काढले की कसे मलूल दिसायचे. आम्हाला वाटायचं, देव शांत आहे." यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने माठाचा फुटका अर्धा भाग कानशीने कडा घासून पेटीत पालथा घातला. कच्ची भाजलेली माती ओल शोषते आणि हळूहळू सोडते. चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतही विष काढण्यासाठी आणलेले साप मातीच्या मडक्यांतच ठेवतात, हे मला माहीत होतं. पण त्या माहितीचा आमच्या पेटीशी संबंध जोडायला आई लागली. प्लास्टिकची गुहा आता गच्चीवर आहे, तिच्यात कोथिंबीर लावली आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी कागद पूर्ण केला. ऑगस्ट होता, म्हणजे वर्तमानपत्र. एकूण अकरा वाक्यं. पाणी कधी बदलायचं, खायला द्यायची गरज नाही, कागद केव्हा काढायचा, आर्द्रतामापकाचा काटा कुठे गेला तर मला फोन करायचा, कुठे गेला तर डॉक्टरांना. डोळ्यावर काही अडकलेलं दिसलं तर हात लावायचा नाही. भाच्याला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, "मावशी, मला वाचता येतंय सगळं, पण 'मलूल' म्हणजे नक्की काय?" त्याला मी इंग्रजीत तीन शब्द पाठवले, तिन्ही थोडे थोडे चुकीचे.

पहाटे गाडीला निघताना पाहिलं तर कागद पेटीच्या वर चिकटवलेला होता आणि पाचव्या वाक्यापुढे आईने पेन्सिलने भर घातली होती: 'पेपर कालचाच घालणे. आजचा मी वाचते.'