गिटार : स्वर आणि गलका

विद्युत्-गिटार हे वाद्य स्वतःच्या अंगाने जवळजवळ मुके असते, ही गोष्ट श्रोत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. भरीव लाकडावर ताणलेल्या सहा तारा छेडल्या असता जो ध्वनी निघतो तो शेजारच्या खोलीतही धड पोहोचत नाही. तारांखालील चुंबकांभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यांत जो अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो अॅम्प्लिफायरच्या स्वाधीन झाल्यावरच त्यास कंठ फुटतो, आणि तो कंठ गोड असावा की खरखरीत, रुंद असावा की टोकदार, याचा फैसला गिटारपेक्षा अॅम्प्लिफायरच अधिक करीत असतो. नगर जिल्ह्यातील यात्रा, जयंत्या, लग्ने आणि गणेशोत्सव यांतील ऑर्केस्ट्रांत गिटार वाजविण्यातच माझ्या उमेदीचा काळ गेला. तेव्हा मजकडून लेख मागितला गेल्यावर, या अॅम्प्लिफायरला जगभरच्या रंगमंचांवरून हळूहळू रजा देणाऱ्या, पायाशी ठेवावयाच्या एका चपट्या यंत्राविषयी लिहावे, असे मी ठरविले. त्यास ‘अॅम्प मॉडेलर’ असे नाव आहे. आमच्या धंद्यात मात्र सगळे नुसते ‘प्रोसेसर’ म्हणून भागवतात.

ज्याच्या जागी हे यंत्र आले त्याची कुळकथा आधी सांगितली पाहिजे, आणि तीत आमच्या नगरचा एक धागा अनपेक्षितपणे गुंतलेला आहे. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल नावाचे एक ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवीत. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ अॅम्प्लिफायरचा परिपथ पुढे ठेवून त्यांच्या तंत्रज्ञांनी १९६२ च्या सुमारास आपला पहिला अॅम्प्लिफायर सिद्ध केला. म्हणजे ज्या मार्शलची नक्कल संगणकाने केली म्हणून आज शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात, तो मार्शलच मुळात एका परक्या यंत्राची बरीचशी बरहुकूम नक्कल होता. पुढे १९६५ मध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी मार्शलकडे शंभर वॉटच्या अॅम्प्लिफायरची आणि एकाच खोक्यात आठ स्पीकर बसविण्याची मागणी केली. ते धूड उचलता उचलता सामान वाहणारे मेटाकुटीस आले, तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरांचे दोन खोके करून ते एकावर एक रचण्यात आले, आणि रॉक संगीताच्या प्रत्येक छायाचित्रात दिसणारी ती काळी भिंत जन्मास आली. ३१ मे १९७६ रोजी चार्ल्टन येथील मैदानावर याच वाद्यवृंदाचा आवाज बत्तीस मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

आता धागा असा, की हेच टाउनशेंड मेहेरबाबांचे निस्सीम अनुयायी. ज्यांनी १० जुलै १९२५ रोजी धारण केलेले मौन ३१ जानेवारी १९६९ या देहत्यागाच्या दिवसापर्यंत मोडले नाही, त्या सत्पुरुषाची समाधी नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगावच्या शिवारात, मेहेराबाद येथे आहे. टाउनशेंड यांच्या १९७१ मधील प्रसिद्ध गीताच्या ‘बाबा ओ’रायली’ या नावातील ‘बाबा’ हे मेहेरबाबाच होत, आणि ‘रायली’ हे टेरी रायली नामक अमेरिकन संगीतकार. १९७२ मध्ये टाउनशेंड या समाधीच्या दर्शनासही येऊन गेले. एके काळी जगातील सर्वांत कर्कश ठरलेल्या वाद्यवृंदाचा गिटारवादक मौनी गुरूच्या चरणी लीन व्हावा, या योगायोगातून कोणी तत्त्वज्ञान काढू लागल्यास माझी हरकत नाही. मला त्यात एक निव्वळ तांत्रिक प्रश्न दिसतो, तो असा की मुळात शंभर वॉट हवे कशाला होते?

जमावाच्या गोंगाटावर मात करणे हा त्यामागील उघड हेतू. परंतु व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, अशा अॅम्प्लिफायरचा स्वभावच असा आहे, की तो मर्यादेत चालविला तर सोज्वळ, काहीसा निर्जीव बोलतो, आणि मर्यादेबाहेर रेटला म्हणजे तरंगांचे माथे सपाट होऊ लागून मूळ स्वराबरोबर त्याच्या अनेक उपस्वरांची गर्दी उसळते. ही वस्तुतः विकृतीच. पण कानास ती इतकी रुचली, की विद्युत्-गिटारचा खरा आवाज तो हाच, असा जगाने निवाडा देऊन टाकला. अडचण एवढीच, की ही अवस्था अॅम्प्लिफायर आपल्या पुऱ्या ताकदीनिशी ओरडू लागल्यावाचून येत नाही. शंभर वॉटचे दहा केले तरी कानास आवाज फार तर निम्मा झाल्यासारखा वाटतो. मिठास हवी असेल तर गलका पदरात घ्यावा लागे. या करारातून सुटका नव्हती.

आमच्या मुलुखात तर तो करारही कधी झाला नाही. नगरमध्ये गिटार दिसे ती प्रामुख्याने ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत, कारण अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ पासूनचे आणि रेव्हरंड टिळकांच्या गीतांमुळे मराठी उपासना-संगीताचे तर हे माहेरच. मला कॉर्ड शिकविले तेही अशाच एका मंडळीतील गृहस्थांनी. परंतु व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ही चीज आम्ही केवळ मासिकांतील चित्रांत पाहिली. ऑर्केस्ट्रात गिटारची तार एखाद्या किरकोळ ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरला, किंवा सरळ गायकाच्या माइकशेजारी अहुजाच्या मिक्सरमध्ये जोडली जाई, आणि त्यातून जो कोरडा, पत्र्यासारखा आवाज निघे तोच गिटारचा आवाज अशी श्रोत्यांची व आमची समजूत होती. त्यामुळे मॉडेलरने इंग्लंड-अमेरिकेत एका सत्ताधीशास पदच्युत केले असेल. नगरमध्ये तो रिकाम्या गादीवर येऊन बसला.

हे यंत्र करते काय? तारेतून आलेला प्रवाह ते सेकंदास अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजते, त्या आकड्यांवर अॅम्प्लिफायरच्या परिपथाचे गणित चालविते, आणि निघालेल्या आकड्यांचा पुन्हा प्रवाह करून मिक्सरकडे रवाना करते. १९९८ मधील लाइन सिक्स कंपनीच्या लालभडक ‘पॉड’ने ही विद्या घराघरांत पोहोचविली, २००६ मधील ‘अॅक्स-एफएक्स’ने ती व्यावसायिकांच्या गळी उतरविली, अलीकडे न्यूरल जाळ्यास अस्सल अॅम्प्लिफायर ऐकवून त्याच्याकडूनच ती वठवून घेण्यापर्यंत मजल गेली आहे. पण या साऱ्या कौतुकात एक साधी गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे आपण ज्यास अॅम्प्लिफायरचा आवाज म्हणतो त्यातील मोठा हिस्सा त्याच्या स्पीकरचा व त्यापुढे धरलेल्या माइकचा असतो. बारा इंची गिटार-स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वर जवळजवळ काही बोलतच नाही, आणि त्याचे हे न बोलणेच आवाजास गोलाई देते. त्या स्पीकरच्या प्रतिसादाचा क्षणार्धाचा ठसा, ज्यास आयआर म्हणतात, यंत्रात साठविलेला असतो; तो चुकून बंद राहिला तर मंडपाच्या स्पीकरांतून गांधीलमाश्यांचे मोहोळ उठल्याचा भास होतो. नव्या मुलाचा टोन ‘फाटतो’ अशी तक्रार आली, की मी पहिल्याने तेच कलम तपासतो.

यंत्राच्या या गणितास वेळ लागतो, आणि त्यामुळे बोट व स्वर यांत अंतर पडते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अंतर पडते हे खरे. पण ते बहुधा दोन ते चार सहस्रांश सेकंदांचे. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सहस्रांशात हातभर देखील नाही. तेव्हा हा सारा विलंब अॅम्प्लिफायरपासून फार तर दोन पावले दूर उभे राहण्याइतका भरतो. बिनतारी जोडणी आणि डिजिटल मिक्सर यांची त्यात भर पडली तर मात्र हिशेब एकत्र करून पाहावा.

खरी परीक्षा निराळ्या ठिकाणी होते. घरी रात्री हेडफोन लावून जो टोन बसवावा, तो मढीच्या किंवा मोहट्याच्या वाटेवरील एखाद्या गावी, उघड्या मैदानात, नऊ माणसांच्या वाद्यवृंदात ठेवला की नाहीसा होतो. गिटार वाजत असते, दिवे लुकलुकत असतात, आणि ऐकू काहीच येत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून ठेविले आहे, की हलक्या आवाजात मनुष्याच्या कानास खर्ज व अतितार स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी बसलेला वादक नकळत ते दोन्ही वाढवितो व मधले स्वर कापतो, आणि मैदानावर त्याच्या वाढविलेल्या खर्जावर बेस-गिटार, ढोलकी व कीबोर्डचा डावा हात हे तिघे बसतात, तर तार स्वर कान फाडतात. उपाय रुक्ष आहे. टोन कार्यक्रमाच्या आवाजातच, शक्य तर बाकीची वाद्ये चालू असताना बसवावा. शंभर हर्ट्‌झच्या खालचे सर्व छाटावे. सहा हजारांच्या वरचे छाटावे. मधल्या स्वरांस मोकळीक द्यावी. असा टोन एकट्याने ऐकला तर नाकात बोलल्यासारखा, कळाहीन वाटतो, पण गर्दीतून वाट काढणारा तोच.

दुसरी गोष्ट पातळीची. पूर्वी वादकाचा आवाज वादकाच्या पाठीशी उभा असे आणि तो तेथेच कमीअधिक करता येई. आता तो एका केबलमधून थेट साउंडवाल्याच्या हवाली होतो. सोज्वळ टोनवरून खरखरीत टोनवर जाताना आवाज दुप्पट झाला, तर तो मनुष्य फेडर खाली ओढतो आणि पुढच्या गाण्यात वर करावयास विसरतो. आमच्या भागातील एका जाणत्या साउंडवाल्याने मला साउंडचेकच्या वेळी ऐकविले होते, “मास्तर, टोन कितीबी बदला, लेव्हल एकच ठेवा, बाकीचं मी बघतो.” या धंद्याचे सारे शास्त्र त्यात आले. यंत्रात शेकडो टोन भरून येतात. मी पाच-सहांवर कारभार चालवितो. ‘चुरा लिया’च्या सुरुवातीसाठी निर्मळ, ‘दम मारो दम’साठी किंचित करडा, लीडसाठी भरदार. भीमगीतांत मँडोलिनच्या किंवा बेंजोच्या जागा बहुधा गिटारकडे येतात, त्यांसाठी अगदी आखूड प्रतिध्वनीचा एक टोन लागतो. प्रतिध्वनी लयीस बांधावा, हे सांगणे नकोच. मिनिटास १२० मात्रांच्या चालीत एक मात्रा ५०० सहस्रांशांची, आणि त्याहून लांब प्रतिध्वनी पुढच्या मात्रेवर चिखल करतो.

विजेचा बंदोबस्त हा स्वतंत्र अध्याय आहे. संगमनेरच्या रघुवीर खेडकरांसारखे मोठे तमाशा-फड जनरेटरसकट फिरतात आणि त्यांची व्यवस्था पाहण्याजोगी असते. पण किरकोळ सुपारीवर गेलेल्या ऑर्केस्ट्रास मिळेल त्या विजेवर भागवावे लागते. दाब दीडशेवर उतरला तरी बहुतेक मॉडेलर तग धरतात, कारण त्यांचे वीज-एकक शंभरापासून दोनशे चाळीसपर्यंत काहीही पचविते. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तेथे गलितगात्र झाला असता. उलट जनरेटर क्षणभर जरी बंद पडला, तरी हे यंत्र पुन्हा जागे होईपर्यंत गायकास अंतरा गिटारवाचून गावा लागतो. अर्थिंग नीट नसेल तर पन्नास हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. लोखंडी सळई जमिनीत ठोकून तिच्या मुळाशी मीठपाणी ओतण्याचा आमच्याकडील रिवाज योग्यच आहे. गुणगुण त्यानेही न गेल्यास मिक्सरकडे जाणाऱ्या तारेवर ग्राउंड-लिफ्टचे बटन वापरावे. प्लगचा तिसरा खिळा कापण्याचा जो अघोरी इलाज काही मंडळी करतात, तो मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण हात तारांवर व ओठ माइकवर असतात, आणि दोषयुक्त विजेस मनुष्याच्या देहातून वाट मिळते.

काही गमावलेही आहे. मोठा अॅम्प्लिफायर पाठीशी गरजत असता त्याच्या लाटांनी गिटारच्या तारा आपोआप थरथरत राहतात, एक स्वर हवा तितका लांबविता येतो, वादक एक पाऊल सरकला की तो स्वर वरच्या सप्तकात उडी घेतो. टाउनशेंड आणि हेंड्रिक्स यांनी त्यावर कला उभारली. कानात इअरफोन घालून, मॉडेलर लावून वाजविणाऱ्यास हे सुख नाही. गणिताने त्याची नक्कल करणारी कळ काही यंत्रांत असते. मला ती पटत नाही. पण त्याच टाउनशेंड यांनी आपल्या कानांच्या कायमच्या बिघाडाबद्दल उघडपणे सांगितले आहे, हेही विसरता येत नाही, आणि ढोल-डीजेच्या शेजारी उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्या कित्येक वादकांना आता वरचे स्वर ऐकू येईनासे झाले आहेत.

शिवाय सरकारी हुकूम आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि राज्य सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडता रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पहिल्या अटीचे यात्रेत काय होते ते सर्वांस ठाऊक आहे; दुसरीची अंमलबजावणी अलीकडे पुष्कळ होते. साडेनऊच्या सुमारास हवालदार येऊन संयोजकांच्या कानी लागतात, साउंडवाला सारा आवाज एका बोटाने निम्म्यावर आणतो, आणि जुन्या अॅम्प्लिफायरचा जीवच जेथे गेला असता तेथे गिटारचा टोन जसाच्या तसा राहतो. गलका उतरला, मिठास उतरली नाही. एवढ्या एका सोयीसाठीच मी हे यंत्र सोबत बाळगतो. मग नऊ पन्नासला व्यासपीठाच्या उजव्या अंगाने ‘झिंगाट’ची फर्माईश येते, निवेदक घड्याळाकडे पाहतो, आणि आम्ही ते दोन अंतऱ्यांत आटोपतो.